साडेतीनचा चार्ज

थेरगावात, डांगे चौकापासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाण्याच्या पिशव्यांचे तीस खोके चढले, तेव्हा वॉचमनने अदबीने विचारलं, "काका, दुकान टाकताय का?"

"नाही रे," साहेबराव म्हणाले, "मूत्रपिंडाची शाखा उघडतोय. मुख्य कार्यालय बंद पडलं."

वॉचमन हसला नाही, कारण साहेबराव हसले नव्हते. विनोद करताना त्यांचा चेहरा पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारासारखा असे. त्यांची बायको कस्तुरा पस्तीस वर्षं त्या चेहऱ्याकडे बघत आली होती आणि तिला अजूनही नक्की सांगता येत नसे.

बोलण्यात मात्र खोटं काही नव्हतं. साहेबरावांची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. तीन आठवडे त्यांनी दवाखान्यातल्या डायलिसिसच्या खुर्चीवर काढले. शेजारच्या खुर्चीवर अधूनमधून नवा माणूस दिसे, आणि आधीचा कुठे गेला हे कुणी कुणाला विचारत नसे. त्या न विचारण्याचीच साहेबरावांनी धास्ती घेतली. मग डॉक्टरांनी दुसरा रस्ता सांगितला: घरीच, पोटातून. बेंबीच्या डावीकडे एक कायमची नळी बसवायची. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-पाच तास राहू द्यायचं. रक्तातली घाण ते पाणी ओढून घेतं. मग ते बाहेर काढायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. रविवारीसुद्धा.

शिकवायला आम्रपाली सिस्टर घरी आल्या. वय तिशीचं, आवाज हेडमास्तरांचा.

"जय भीम काका. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. हात! मास्क लावायचा, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि साबणानं हात धुवायचे. नळीच्या तोंडाला कशाचाही स्पर्श नको. जंतू आत गेला की पाणी गढूळ येणार. असं दोनदा झालं की नळी काढायची, आणि तुम्ही परत त्या खुर्चीवर."

"आणि गढूळ आहे ते ओळखायचं कसं?"

"बाहेर आलेल्या पिशवीमागे पेपर धरायचा. अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ."

ही पद्धत साहेबरावांना मनापासून पटली. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. यंत्रातून निघालेला पत्र्याचा नग हातात घ्यायचा, मापायचा, पास असेल तर मार्करने पिवळा ठिपका, नापास असेल तर लाल फुली. त्या हिशेबाने त्यांनी सगळ्या नातेवाइकांनाही मनातल्या मनात ठिपके आणि फुल्या दिलेल्या होत्या.

मुलगी साक्षी तळवड्याला आयटीत होती. तिने आपली खोली बापाला दिली आणि स्वतः हॉलमध्ये गादी टाकली. दवाखान्याची नोंदवही साहेबरावांच्या नजरेत भरली नाही, म्हणून त्यांनी कंपनीतल्या जुन्या लॉगशीटवरून साक्षीकडून नवा तक्ता छापून घेतला. वेळ, पाणी आत किती, बाहेर किती, स्वच्छ की गढूळ. शेवटी दोन रकाने: 'चार्ज दिला' आणि 'चार्ज घेतला'.

"हे कशाला?" आम्रपाली सिस्टरांनी विचारलं.

"फॉरमॅटमध्ये आहे."

"पण काका, इथे कोण कुणाला चार्ज देणार?"

"ते नंतर बघू. फॉरमॅट बदलायला मंजुरी लागते."

सिस्टर गेल्यावर मात्र ते दोन रिकामे रकाने त्यांना टोचायला लागले. रकाना रिकामा सोडायचा नाही हा तर नोकरीतला पहिला धडा. ते तक्ता घेऊन स्वयंपाकघरात गेले. कस्तुराबाई मेथी निवडत होत्या.

"इथं सही कर. म्हणजे दोन माणसांची झाली."

"मला नका तुमच्या कागदात ओढू," त्या वर न बघता म्हणाल्या. "तुमचं पोट, तुमचा कागद."

साहेबरावांनी मग रोज दोन्ही रकान्यांत आडव्या रेघा मारायला सुरुवात केली.

वेळा त्यांनी स्वतः ठरवल्या. सकाळी साडेसहा, अकरा, दुपारी साडेतीन, संध्याकाळी आठ. साडेतीनऐवजी चार केलं तर बरं पडेल, असं सिस्टर म्हणाल्या. साहेबराव म्हणाले, "साडेतीन." कंपनीत साडेतीनला पाळी बदलायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्या वेळेला त्यांचे पाय आपोआप सरळ व्हायचे.

पहिले नऊ दिवस सगळं बिनबोभाट पार पडलं. पाणी फिक्या, कोऱ्या चहासारखं यायचं, पण काचेसारखं नितळ. वर्तमानपत्र मागे धरलं की साहेबराव बातमी वाचत बसायचे आणि तपासणी राहून जायची. म्हणून त्यांनी पिशवीमागे आपला तक्ताच धरायला सुरुवात केली.

दहाव्या दिवशी, दुपारी साडेतीनचं पाणी निघाल्यावर, त्यांनी पिशवी उचलली, तक्ता मागे धरला आणि वाचायला लागले. वेळ, आत, बाहेर. अक्षरं ठळक, पाणी स्वच्छ. शेवटी त्यांची नजर 'चार्ज दिला'वर आली.

तिथे सही होती.

पिशवी बाजूला केली. तिथे त्यांचीच आडवी रेघ होती. पिशवी परत आणली. सही होती. अक्षरं एकेक करून कोरल्यासारखी, शेवटच्या वेलांटीला लांब शेपूट आणि खाली दोन टिंबं.

पाण्यातून बघताना उजेड वाकतो. शाळेत काठी पाण्यात घालून दाखवतात. साहेबरावांनी स्वतःला ती काठी दोन-तीनदा दाखवली, पाणी संडासात ओतलं, आणि तक्त्यात लिहिलं: स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत वास आला.

खिडक्या बंद, पंखा बंद, साहेबरावांच्या तोंडावर मास्क. तरी वास मास्कमधून आत शिरला. तापलेला पत्रा, यंत्राचं जळकं तेल, त्यात विडीची पुसट झाक. पाणी भरून झालं, नळीला टोपण लागलं आणि त्यांनी दार उघडलं, तेव्हा कस्तुराबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नाक वर केलं.

"तुमची कंपनीची कापडं कुणी काढली?"

"कुठली कापडं?"

"एकतीस वर्षं धुतलीत मी. मला विचारताय कुठली?" त्या आत डोकावल्या. "आणि विडी ओढायला लागलात का या वयात?"

साहेबरावांनी उभ्या आयुष्यात विडी ओढली नव्हती. त्यांच्या टेबलावर ओढायचा तो दुसरा.

आता हे सांगायला हवं. साहेबरावांनी ते सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कस्तुराबाईंनाही नाही.

कंपनीत त्यांच्या टेबलावर सकाळच्या पाळीला भिमाजी असे. तळवड्याच्या जुन्या शेतकरी घरातला, चौथी शिकलेला, सही काढायला अर्धा मिनिट घेणारा. साडेतीनला साहेबराव आले की भिमाजी सुटायचा. एकोणीस वर्षं ही ये-जा चालली. नियम साधा होता: रिलिव्हर आल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. येणाऱ्याने सही केली की जाणारा मोकळा.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एके दुपारी साहेबरावांनी फोन केला, "भिमाजी, दहा मिनिटांत पोचतो," आणि घरात कूलरसमोर आडवे झाले. जाग आली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. आता काय तोंड दाखवायचं म्हणून गेलेच नाहीत. तिकडे भिमाजी दुसरी पाळी ओढत राहिला. छातीत कळ आली तेव्हा आजूबाजूचे म्हणाले, दवाखान्यात जा. तो म्हणाला, "साहेबराव येतोच हाय. त्यो आला की जातो." साडेआठला त्याने टेबलावर डोकं टेकलं. हातात पिवळा मार्कर होता, त्याचं टोपणसुद्धा लावलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ऑडिट होतं. त्या दिवसाच्या लॉगशीटवर 'चार्ज दिला'मध्ये भिमाजीची सही होती, वेळ साडेतीन. बिचाऱ्याने वेळेवर करून ठेवली होती. शेजारचा रकाना रिकामा होता. साहेबरावांना रिकामा रकाना बघवत नसे. त्यांनी सही ठोकली. वेळ साडेतीन.

ऑडिट झकास झालं. तेव्हापासून कागदोपत्री भिमाजी साडेतीनलाच घरी गेलेला होता. मग साडेआठला मेला तो कोण, हे कागदाला ठाऊक नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी साहेबराव वीस मिनिटं आधीच खुर्चीत येऊन बसले. मास्क लावायचा होता, हात धुवायचे होते. जेवण अंगावर आलं होतं. डोळा लागला असेल तर पाच मिनिटं.

उठले तेव्हा समोरच्या हुकाला रिकामी पिशवी लटकत होती. खाली फरशीवर दुसरी, भरलेली. कोऱ्या चहासारखं पाणी, नितळ.

त्यांनी सदरा वर केला. नळीला नवं टोपण होतं, घट्ट लावलेलं. पोट गच्च होतं, नुकतंच भरल्यासारखं.

भरलेल्या पिशवीच्या कोपऱ्यावर पिवळा ठिपका होता. ओला.

तक्त्यावर साडेतीनची ओळ लिहिलेली होती. आत दोन हजार. बाहेर बावीसशे. स्वच्छ. 'चार्ज दिला'खाली कोरलेली सही, शेपूट, दोन टिंबं. साहेबरावांनी पिशवी मधे धरली नव्हती. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.

शेजारचा 'चार्ज घेतला' रिकामा होता. आडवी रेघही नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते. सगळ्या कामाला निदान अर्धा तास लागतो.

"कस्तुरा! आत्ता खोलीत कोण आलं होतं?"

"तुम्हीच की," हॉलमधून आवाज आला. "मघापासून नुसते खोकताय."

भीती कसली वाटली, ते साहेबरावांनी नंतर स्वतःशी नीट तपासलं. मेलेला माणूस आला याची वाटलीच. पण त्याहून जास्त याची, की त्याने हात धुतले होते का? त्या तेलकट, काळ्या नखांच्या बोटांनी त्यांच्या पोटाचं टोपण उघडलं होतं. आणि सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणणार, काकांचं चित्त ठिकाणावर नाही, घरचं बंद करा. म्हणजे खुर्ची.

त्यांनी सिस्टरना एवढंच सांगितलं की पाणी जरा संशयास्पद वाटतंय. सिस्टर आल्या, नमुना तपासायला पाठवला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला.

"काका, एकदम स्वच्छ. एवढं चांगलं काम माझ्या कुठल्याच पेशंटचं नाही," त्या म्हणाल्या. "साडेतीनचं तर अगदी नर्सनं केल्यासारखं. काकू मदत करतात वाटतं?"

साहेबरावांनी रिपोर्ट घडी करून ठेवला. त्या तिन्ही दुपारी ते जागे राहिले होते, डोळे ताणून, मनगटाला चिमटे काढत. तिन्ही दुपारी तीन पंचवीसला घड्याळ बघितलं होतं आणि पुढची नजर पडली तेव्हा तीन पस्तीस झाले होते. तिन्ही पिशव्यांवर पिवळा ठिपका. तिन्ही ओळींत ती सही आणि शेजारी तो रिकामा रकाना.

शनिवारी साक्षी ऑफिसच्या कामाला तळवड्याला निघाली होती. तिच्या स्कूटरवर मागे बसून ते भिमाजीच्या घरी गेले. जुन्या घराच्या तिन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड होत्या, आत छोटी छोटी यंत्रं खडखडत होती. भिमाजीची बायको छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"या भावजी! नळी घातलीया म्हनं पोटात?"

"घातलीय वहिनी. आता घरातली पाण्याची टाकी मीच."

छबूबाई हसल्या. चहा आला. साहेबरावांनी कप हातात धरला आणि येताना पाठ केलेलं वाक्य जुळवायला लागले.

"वहिनी, त्या दिवशी कंपनीत..."

"त्या दिवशी तुमी हुता ना संगं," छबूबाई म्हणाल्या. "कंपनीच्या साहेबानं मला कागद दावला हुता, तुमची सही हाय म्हनून. लई आधार वाटला बघा. म्हनलं, वळखीचं मानूस तरी हुतं जवळ."

साहेबरावांच्या कपावर साय धरली.

"एक सांगू का? हसू नका," छबूबाईंनी आवाज उतरवला. "सात वरसं ह्ये रोज माझ्या दुपारच्या डुलकीत यायचं. हातात डबा, उंबऱ्याभायेर उभं. आत या म्हनलं तर म्हनायचं, न्हाई, अजून सुट्टी न्हाई झाली. आता आठ-दहा दिस झालं, येतच न्हाईत."

"येत नाहीत?"

"न्हाई. म्हनलं, लागलं असतील कुटंतरी कामाला."

साहेबराव उठले. सांगायचं ते तसंच राहिलं.

माणसापुढे बोलणं जमलं नाही, तेव्हा त्यांनी आपल्याला जमतं ते केलं. कागद दुरुस्त केला की काम दुरुस्त होतं, ही त्यांची एकतीस वर्षांची श्रद्धा. त्या दुपारी साडेतीनला ते टेबलाशी ताठ उभे राहिले. वास आला. यंत्राचं तेल, पत्रा, विडी. ते मागे वळले नाहीत. तक्त्यावर त्या दिवसाच्या ओळीत सही आधीच ओली होती. साहेबरावांनी पेन उघडलं आणि शेजारच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"भिमाजी," ते म्हणाले, "घेतला चार्ज. जा तू."

मागे कुणीतरी मोठा श्वास सोडला. वास गेला. साहेबरावांनी मास्क लावला, साबणाने हात धुतले आणि साडेतीनचं काम कितीतरी दिवसांनी स्वतः केलं. पिशवीवर ठिपका नव्हता.

रविवारी दुपारी छबूबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं.

"भावजी, आत आलं वो! काल डुलकीत आलं, पाय धुतलं, भाकर मागितली. म्हनलं, झाली सुट्टी? तर म्हनले, व्हय, झाली. साहेबरावानं घेतलं टेबल. आता त्यो बसंल, त्येचा रिलिव्हर येस्तवर."

साहेबरावांनी फोन ठेवला. खोलीत तक्ता होता. त्यांनी तो बघितला नाही.

सोमवारी साडेतीनचं पाणी निघालं. पिशवी त्यांनी उचलली. तक्ता मागे धरायचा नाही, वर्तमानपत्र धरायचं, असं सकाळीच ठरवलं होतं. पण हाताने सवयीने तक्ताच मागे धरला.

अक्षरं ठळक. पाणी स्वच्छ.

'चार्ज दिला'खाली त्यांची स्वतःची सही होती. त्यांनी ती केलेली नव्हती.

'चार्ज घेतला'खाली गोल, सुटं, लहान मुलांसारखं अक्षर होतं. किराणा मालाच्या यादीत ते रोज दिसायचं. *कस्तुरा.*

पिशवी खाली ठेवली. रकाना रिकामा होता.

आयुष्यात पहिल्यांदा साहेबरावांना रिकामा रकाना बघून रडू आलं. त्यांनी तक्त्याचे बारीक तुकडे केले, संडासात टाकले, दोनदा पाणी सोडलं. साक्षीने छापलेले कोरे तक्ते पलंगाखालून काढले आणि तेही फाडले. कस्तुराबाई दारातून बघत होत्या.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. फॉरमॅट रद्द केला."

"मंजुरी मिळाली का?" त्यांनी हसून विचारलं. साहेबराव हसले नाहीत. आणि या खेपेला कस्तुराबाईंना नक्की कळलं की हा विनोद नाही.

मंगळवारी साडेतीन. साहेबरावांनी दार आतून लावलं, खिडक्या लावल्या, मास्क घातला. जुनं पाणी निघून गेलं. नवं पोटात उतरायला लागलं. आता दहा मिनिटं नळी जोडलेली, हलायचं नाही.

बाहेर ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

"ऐकलं का?" कस्तुराबाई दाराबाहेरून म्हणाल्या. आवाजात न मागितलेली माया होती. "सिस्टरांशी बोलले मी फोनवर. त्या म्हणाल्या, काकू, काकांच्या मनाला त्या कागदाचं फार लागलेलं दिसतंय. साक्षीनं एक तक्ता जास्तीचा ठेवला होता, सापडला बघा."

"कस्तुरा, तो फाड!"

मास्कमधून शब्द गुदमरून निघाले.

"तुमची सही आहेच की यावर. कधी केलीत?"

"कस्तुरा, हात लावू नको त्याला!"

ते उठायला गेले. नळी ताणली. पोटात कळ उठली, हुकाला पिशवी डोलली.

"तेव्हा नाही म्हटलं मी, चुकलंच माझं. एवढीशी तर गोष्ट." पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. "वेळ साडेतीनच टाकते."

साहेबराव ओरडले. आपण काय ओरडलो, ते त्यांनाच ऐकू आलं नाही.

"झाली हो!" कस्तुराबाई बाहेरून म्हणाल्या. "आता एकही रकाना रिकामा नाही."

आणि साहेबरावांचे खांदे आपोआप सैल पडले. ते ढिलेपण त्यांच्या ओळखीचं होतं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की अंगात उतरायचं, तेच. भीती गेली, पोटातली कळ गेली. फार हलकं, फार बरं वाटलं. आता निघायचं, एवढंच मनात राहिलं. त्यांनी खुर्चीखाली पायांनी चपला चाचपल्या.

दाराबाहेर कस्तुराबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात कंपनीचं तोंड पाहिलं नव्हतं, हळूच खोकल्या आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. मी बसते."